कापसाच्या खोलीतलं कार्ड

मशीन बिघडली की मला आधी राग येतो आणि अक्कल नंतर सुचते. वय झालं तरी हा क्रम बदललेला नाही.

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा. बाळापूरच्या अलीकडे आमचं गाव, तिथून अकोल्याला रोज एसटीनं अपडाऊन. स्वतःचा कॉम्प्युटर स्वतः जोडलेली वर्गात मी एकटी मुलगी, आणि हे मी दिवसातून दोनदा तरी कोणाला ना कोणाला ऐकवायचेच. सुटे भाग अकोल्याहून आणले, बैठकीच्या कोपऱ्यात टेबल टाकलं आणि पहिल्या दिवसापासून गाड्यांच्या शर्यतीचा गेम सुरू केला. अभ्यासासाठी घेतला अशी थाप मी कधी मारली नाही. गरजच नव्हती, बाबांनाही गेमचीच गोडी. संध्याकाळी वावरातून आले, हातपाय धुऊन चहा घेतला, की माझ्या मागे बसायचे आणि मी वळणावर गाडी घातली की आपणही अंग तिरकं करायचे.

मागे म्हणजे कापसाच्या ढिगावर. ती वर्षं वाईट होती. पेपरात आमच्या वऱ्हाडाची बातमी आली की माय न वाचता पान उलटायची. भाव पडलेलाच असायचा, म्हणून ज्याला दम धरता येईल तो कापूस घरातच भरून ठेवायचा. बाबांनी ठरवलं होतं, होळीपर्यंत थांबायचं, त्याआधी व्यापाऱ्याला ओटा चढू द्यायचा नाही. बैठक आढ्यापर्यंत भरली. सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली. माय खोबरेल तेल चोळता चोळता रोज बाबांचा उद्धार करायची, पण ते हटले नाहीत. त्या साली त्यांनी तेवढा एकच हट्ट धरला होता.

संक्रांतीच्या सुमाराला गेम मध्येच मरायला लागला. दहा मिनिटं गाडी सुसाट पळायची, मग पडद्यावर रंगीत रेघा उमटायच्या आणि मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायची. मी ओढणी कमरेला बांधली. विंडोज नव्यानं टाकली. रॅम काढून तिच्या पट्ट्या खोडरबरानं घासल्या. हा उपाय आमच्याकडे कॉम्प्युटरच्या सर्व रोगांवर चालतो. लाइट कमी-जास्त होते म्हणून स्टॅबिलायझर लावला. मैत्रिणीच्या घरून पॉवर सप्लाय आणून जोडून पाहिला. साधं टायपिंग केलं तर मशीन गरीब गायीसारखी वागायची, गेम लावला की मान टाकायची. म्हणजे दुखणं गेमची चित्रं रंगवणाऱ्या ग्राफिक्स कार्डातच, असा मी निकाल दिला.

अकोल्याच्या दुकानदार काकांना फोन केला तर ते म्हणाले, पंखा साफ केला का? मी फणकारले. दर आठवड्याला डबा उघडून फडक्यानं पुसते, मले नका शिकवू, म्हटलं. खोटं नव्हतं ते. धूळ पुसायचे, कोळ्याचं जाळं काढायचे. कापूस मात्र डोळ्यांसमोर असून दिसला नाही. तो आमच्या केसांत, पांघरुणात, वरणाच्या वाटीतसुद्धा असायचा, आणि आमच्या घरात कापसाला कचरा म्हणायची कोणाची छाती नव्हती.

कार्ड गेलं, नवीनच लागेल, असं मी जेवताना जाहीर केलं. बाबांनी एकच शब्द विचारला. "पक्कं?"

"पक्कं. लिहून देते."

दुसऱ्या दिवशी ते व्यापाऱ्याला घेऊनच आले. नाहीतरी सगळ्यांना खाज सुटली आहे, असं मायला म्हणाले. मॅटॅडोर दारात लागली, दुपारपर्यंत बैठक रिकामी झाली आणि मायनं फरशी धुऊन काढली. मला तेव्हा काहीही वाटलं नाही. कोणतं कार्ड घ्यायचं याच विचारात मी गुंग होते.

नवं कार्ड बसवलं आणि मशीन पुन्हा धावायला लागली. बघा, मी म्हटलं नव्हतं? वर्षभर मी मान वर करून फिरले. होळीच्या आधीच कापसाचा भाव चढला. बाबा रोज पेपरातला भाव मोठ्यानं वाचायचे, ते त्यांनी बंद केलं.

पुढच्या दिवाळीनंतर कापूस पुन्हा बैठकीत आला. ढीग खिडकीच्या वर गेला आणि काही दिवसांतच नव्या कार्डानंही तशाच रेघा मारल्या. एका वर्षात दोन कार्डं मरत नाहीत, एवढं मलाही कळत होतं. या वेळी स्क्रू काढून मी कार्डाचा पंखाच उतरवला. पंख्याखालच्या पत्र्यांमध्ये कापसाची जाड गादी बसली होती. हा पंखा डब्यात खाली तोंड करून असतो, वरून फडकं मारणाऱ्या शहाणीला तो सात जन्मात दिसला नसता. मग माळ्यावरून जुनं कार्ड काढलं, तेही उघडलं. आत तेच. दातांच्या ब्रशनं घासलं, सायकलच्या पंपानं हवा मारली आणि बसवून पाहिलं. दोन तास गाडी एकदाही अडखळली नाही. गेल्या साली नवं कार्ड चाललं ते कोरं होतं आणि खोली रिकामी झाली होती म्हणून; जुन्यालाही नुसता ब्रश पुरला असता.

तेवढ्यात बाबा आले. उघडी मशीन पाहून काय झालं हे त्यांनी विचारलंही नाही.

"पुन्हा गेलं काय, बाई? थांब, व्यापाऱ्याले फोन लावतो." फोन खिशातून काढलासुद्धा.

गप्प बसले असते तर माझी शान राहिली असती. पण मला माझीच लाज वाटत होती.

"बाबा, कापूस नका विकू. कार्ड चांगलं हाये. मागच्या सालचंही चांगलंच होतं. मीच चुकली."

जुन्या कार्डातून निघालेला गोळा मी त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी फुंकर मारून धूळ उडवली. मग बाजारात नमुना पाहतात तसा तो दोन्ही अंगठ्यांत धरून ओढला आणि धाग्याची लांबी पाहिली.

"मागच्या सालचा माल हाये हा," ते म्हणाले. "होळीपर्यंत एवढाच थांबला."

गोळा त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकला, त्यावर फोन टाकला आणि टेबलाचं एक टोक धरलं. दुसरं मी धरलं. मशीन आम्ही स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. त्या साली व्यापारी ओटा चढला तो होळी झाल्यावर, बाबांनी बोलावलं तेव्हा.