खंडेनवमीच्या दिवशी पंपरूममध्ये

आमचे हे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात आयुष्यभर नोकरी करून धडधाकट निवृत्त झाले, यावर माझा बराच काळ विश्वासच बसत नव्हता. माझं माहेर नारायण पेठेतलं. तिथे घाबरायचं ते फक्त शेजाऱ्यांच्या टोमण्यांना. लग्न होऊन क्वार्टर्समध्ये राहायला गेले, तर पहिल्याच आठवड्यात शेजारच्या बाईंनी सांगितलं, "आवाज झाला तर आधी गॅस बंद करायचा, मग रडायचं." त्या गमतीनं म्हणाल्या असतील. मी मात्र त्या दिवसापासून कानात प्राण आणून जगले. कुणाकडे पत्र्याचा डबा पडला तरी माझ्या हातातलं काम थांबायचं. ह्यांना सांगितलं की हसायचे. "अगं, तिथे शिस्त असते. रस्ता ओलांडताना घाबर हवं तर." स्वतः हे कधी कशाला घाबरलेले मी पाहिले नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला रागच यायचा. दोघांच्या वाटणीची भीती मी एकटीनं का वाहायची?

निवृत्तीनंतर आम्ही कोथरूडला फ्लॅट घेतला. वाटलं, सुटले. पण सोसायटीत पोहण्याचा तलाव होता, आणि तोही खाऱ्या पाण्याचा. बिल्डरने त्याचा इतका गाजावाजा केला होता की माझ्या भावानं विचारलं, "समुद्राचं पाणी टँकरने मागवता की काय?" तसं काही नव्हतं. तलावाच्या पाण्यात बेताचं मीठ असतं, आसवांहूनही कमी खारट. ते पाणी पंपरूममधल्या एका नळकांड्यातून फिरतं. नळकांड्याच्या आत धातूच्या पातळ पट्ट्या असतात. त्यांतून वीज गेली की मिठापासूनच क्लोरीन तयार होतो आणि पाणी स्वच्छ राहतं. या नळकांड्याला सेल म्हणतात. आमच्याकडे बोअरचं जड पाणी, त्यामुळे बंबाच्या आत बसतो तसा पांढरा थर त्या पट्ट्यांवर बसायचा. मग सेल काढून पाणी मिसळलेल्या अ‍ॅसिडमध्ये बुडवून ठेवावा लागे.

सुरुवातीला त्यासाठी कंत्राटदाराचा माणूस यायचा. एकदा तो स्क्रूड्रायव्हरने थर खरवडताना ह्यांना दिसला. "अहो, त्या पट्ट्यांवर लेप असतो. तो गेला की सेल गेला. हे काय धिरडं आहे, उलथन्यानं काढायला?" असं म्हणून ह्यांनी त्याची बोळवण केली आणि काम स्वतःच्या अंगावर घेतलं. कमिटीला घरबसल्या फोरमन मिळाला, सगळे खूश झाले. मी सोडून. क्लोरीन म्हणजे वायू, तो श्वासात गेला तर फुप्फुसं जाळतो, हे मला ह्यांनीच चहा पिता पिता मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. दारूगोळ्यातून सुटलेला माणूस आता मिठाच्या मागे लागला होता.

त्यांच्या शिस्तीला नावं ठेवायला जागा नव्हती. मेन स्विच बंद, दार उघडं, डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे. बादलीत आधी पाणी, मग त्यात थोडं थोडं अ‍ॅसिड, उलटं कधीही नाही. त्या कामाची एक निळी बादली वेगळी ठेवलेली होती आणि ती दुसऱ्या कशालाही वापरायची नाही, असं सगळ्यांना बजावलेलं होतं. तरीही हे खाली गेले की मी पंपरूमच्या पायऱ्यांवर जाऊन उभी राहायची. "पहारा द्यायला आलीस का?" म्हणून हे चिडवायचे. तो सेल अ‍ॅसिडमध्ये बुडला की फसफसायचा, आणि तो आवाज थांबेपर्यंत मी पायरी सोडायची नाही.

त्या वर्षीची खंडेनवमी. सोसायटीत यंत्रांची पूजा दरवर्षी साग्रसंगीत होते. पंप, जनरेटर, लिफ्ट, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची माळ, आणि पूजा झाली की दसरा उलटेपर्यंत यंत्राला विश्रांती. लिफ्ट तेवढी नारळ फुटताक्षणी चालू होते, कारण चेअरमन सहाव्या मजल्यावर राहतात. तलावाचं मशीनही बंद राहणार होतं. पण शाळेला सुट्टी, मुलं पाण्यात डुंबणार. म्हणून चेअरमननी ठरवलं की तोपर्यंत टीसीएल पावडर, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, बादलीत कालवून तलावात घालावी. यात वावगं काही नव्हतं. फक्त ते ह्यांना सांगायचं राहून गेलं.

पूजेसाठी सफाईवाल्या मामांनी सोसायटीच्या झाडून सगळ्या बादल्या, खराटे, फावडी घासून एका ओळीत मांडली होती, प्रत्येकाला कुंकवाचं बोट लावून. सगळ्यांत स्वच्छ दिसत होती ती निळी बादली. पूजेच्या दिवशी वापरायची तर स्वच्छच वापरावी म्हणून मामांनी पावडर तिच्यात कालवली. अर्धी तलावात ओतली, उरलेली संध्याकाळसाठी पंपरूममध्ये ठेवली.

हे खाली गेले ते पूजेआधी सेल लख्ख करायला. यंत्राला कुंकू लावायचं तर ते मळक्या अंगानं कसं, हा ह्यांचा हिशेब. मामांना आदल्या दिवशी सांगितलेलं होतं, बादलीत पाणी भरून ठेवा. बादली भरलेली होती. पाणी पांढुरकं होतं, पण आमचं बोअरचं पाणी कधी काचेसारखं असतं? वास होता, पण तिथे क्लोरीनचा वास रोजचाच. मी पूजेचं ताट घेऊन पायरीवर उभी होते. ह्यांनी अ‍ॅसिडची बाटली तिरकी केली.

बादलीतून पिवळट हिरवं काहीतरी उसळून वर आलं. हे एकदम मागे सरले. मग ओरडले, "वर जा! पदर लाव तोंडाला!" आणि खोकायला लागले. असा खोकला मी कधी ऐकला नव्हता. आत काहीतरी फाटतंय असं वाटत होतं. हे पायऱ्यांपर्यंत आले, चढायला लागले आणि मध्येच खाली बसले. मी ताट टाकलं. श्वास रोखून खाली गेले, कॉलर धरली आणि ओढलं. माझ्यात इतकं बळ कुठून आलं ते मला माहीत नाही. डोळ्यांची आग होत होती आणि मनात एकच, हा माणूस तिथून वाचला आणि इथे, मिठापायी जाणार.

तिसऱ्या मजल्यावरच्या मुलानं गाडी काढली. दवाखान्यात पोचेपर्यंत हे बरे झाल्यासारखे बोलायला लागले होते. डॉक्टर म्हणाले, "काका, आत्ता ठीक वाटतंय, पण क्लोरीनचं असं असतं की फुप्फुसांत पाणी नंतर भरतं. उद्यापर्यंत आपण इथेच थांबा."

"आमच्याकडे नळाला पाणी येत नाही," हे म्हणाले, "फुप्फुसात कुठून यायला?"

डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. आजवर ज्या आवाजाची धास्ती घेतली होती, तो झाला असता तर निदान झाला असं कळलं असतं. इथे माणूस समोर बसून विनोद करत होता आणि मरण आत कुठेतरी थेंबाथेंबानं साठत असेल की नसेल, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. मी ह्यांच्या छातीकडे बघत बसले. वर, खाली, वर, खाली.

दिवेलागणीला विनोद थांबले. श्वास भराभर होऊ लागला, ओठ काळसर दिसायला लागले. नर्सनं धावत येऊन नाकातोंडावर मास्क लावला. मी डॉक्टरांना बोलवायला उठले, तशी ह्यांनी माझं मनगट घट्ट पकडलं आणि मास्क बाजूला सारून म्हणाले, "जाऊ नकोस गं. मला भीती वाटतेय."

हे वाक्य ऐकायची मी किती वर्षं वाट पाहिली होती! आणि ऐकलं तेव्हा वाटलं, नको होतं ऐकायला. हे घाबरत नाहीत याच्या भरवशावरच मी आजवर घाबरत आले होते, हे तेव्हा कळलं. मी ह्यांचा मास्क पुन्हा नीट बसवला आणि म्हटलं, "मी कुठे जातेय? इथेच आहे." माझा आवाज कुण्या परक्या बाईचा वाटला.

हे वाचले. काही दिवसांनी घरी आले. जिना चढताना मध्ये थांबावं लागतं, एवढंच. सेलचं काम पुन्हा कंत्राटदाराकडे गेलं, आणि पंपरूमच्या बाजूला हे फिरकतसुद्धा नाहीत. मला वाटायचं, ह्यांना एकदा तरी भीती कळावी, म्हणजे माझे हाल समजतील. आता समजतात. मी आंघोळीला गेले की हे गॅस गीझरच्या धास्तीनं दाराबाहेर उभे राहतात आणि घडोघडी विचारतात, "बरी आहेस ना?" मी आतून "हो" म्हणते आणि नळ जरा मोठा करते, म्हणजे रडलेलं ह्यांना ऐकू जात नाही.