सलूनवाल्या काकांचं गवत

सलूनवाल्या काकांनी चाळीस वर्षं लोकांचे केस कापले होते, त्यामुळे वाढलेलं काही दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे. मुलीने अंगणात लावायला कमी पाण्यावर जगणारं शोभेचं गवत आणून दिलं. "कंबरेएवढं वाढतं, वर चंदेरी तुरे येतात," ती म्हणाली. काका दर रविवारी ते मशीनने बारीक करायचे आणि वर पाण्याचा फवारा मारायचे. तुरे कुठले यायला? गवत पिवळं पडून रुसून बसलं.

मग काकांचा पाय मोडला आणि दोन महिने ते खाटेला खिळले. काकूंनी गवताला ना पाणी घातलं, ना कात्री लावली.

प्लॅस्टर निघाल्यावर काका काठी टेकत अंगणात आले, तर समोर कंबरेएवढ्या चंदेरी तुऱ्यांचा वाऱ्यावर नुसता धिंगाणा चाललेला. काका खुळ्यासारखे हसत सुटले आणि त्यांचा हात खिशात गेला.

"कात्री काढलीत तर बघा," काकू दारातून कडाडल्या.

काकांनी कंगवा काढला. तुऱ्यांचा मधोमध भांग पाडला, दुसऱ्या खिशातला आरसा गवताच्या मागे धरला आणि अदबीने विचारलं, "मागून बरोबर आहे ना, साहेब?"