मातीचं विरजण

जावईबापूंना स्वच्छतेची भारी हौस. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा पुसायच्या आणि घरी आल्यावर उरलेलं जग पुसायला घ्यायचं, असा त्यांचा दिनक्रम. सासूबाई कायमच्या राहायला आल्या त्याच आठवड्यात त्यांना बाल्कनीच्या कोपऱ्यात एक पत्र्याचा डबा सापडला. आत दमट माती, आणि मातीभर कापसासारखे पांढरे धागे.

बुरशी. माती कचऱ्याच्या गाडीत गेली. डबा उकळत्या पाण्याने, मग फिनाईलने धुतला गेला आणि जावईबापू शाबासकी घ्यायला आत आले.

"आई, तुमचा डबा पार खराब झाला होता. चकाचक केलाय बघा."

सासूबाईंनी डबा नाकाशी नेला. बराच वेळ तसाच धरला.

"बरं केलंत," म्हणाल्या आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडल्या.

बायकोने मग जावईबापूंना फैलावर घेतलं. "ती बाबांच्या झाडाखालची माती होती. त्याचं बी आणि ही माती, एवढंच आणलं आईने तिथून."

सासूबाईंची हयात डोंगरावरच्या जंगलखात्याच्या रोपवाटिकेत गेली होती. त्या पाईनची रोपं वाढवायच्या, नवरा तिथेच राखणदार. एकदा वाकडं म्हणून कुणी न उचललेलं एक रोप नवऱ्याने आपल्या खोलीपुढच्या नळाजवळ खोचलं आणि ते बघता बघता छपराच्या वर गेलं. पुढे नवरा गेला, रोपवाटिका बंद पडली, खोली सोडावी लागली. येताना सासूबाईंनी त्या झाडाचं बी आणलं आणि त्याच्या बुंध्याची माती.

बी त्यांनी बाल्कनीत पिशव्यांमधून पेरलं. उगवलंही झकास. मग बोटभर वाढून जे थांबलं ते थांबलंच. सुयांसारखी पानं पिवळी पडू लागली. जावईबापूंनी खत आणलं, औषध आणलं, दुकानातलं भिंग आणून तपासणीही केली. रोपं आणखी पिवळी झाली.

"जागा बदलली की होतं असं. लागेल हळूहळू सवय," ते म्हणाले.

"सवयीचं नाही हो ते," सासूबाई म्हणाल्या. "पाईनला नुसती माती पुरत नाही. ते पांढरे धागे मुळांना गुंडाळून बसतात. मुळांचा हात पोचत नाही तिथलं पाणी, क्षार ओढून आणतात. झाड त्यांना साखर देतं. नवा वाफा केला की आम्ही जुन्या वाफ्यातली ओंजळभर माती त्यात मिसळायचो. दुधाला विरजण लावतात, तसं."

"बाबा काय म्हणायचे ते सांग ना," बायको म्हणाली.

"ते म्हणायचे, हा आपल्यासारखाच संसार, फक्त यांच्यात भांडण नाही. मी म्हणायची, कसं असेल, बुरशीला कुठे तोंड आहे." त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांची नजर रोपांकडे गेली. "ही काही जगत नाहीत आता. बीही संपलं."

त्या रात्री जावईबापूंना जेवण गेलं नाही. सुट्टीच्या दिवशी तोच डबा घेऊन ते दाराशी उभे राहिले.

"चला आई. विरजण आणू."

बस चढाला लागली तशा सासूबाई खिडकीला चिकटल्या. प्रत्येक वळण यायच्या आधीच त्यांची मान तिकडे वळायची. रोपवाटिकेचं फाटक मोडलेलं, वाफ्यांवर कमरेइतकं गवत. खोलीला मात्र कुलूप होतं. नवरा रोज झोपण्याआधी करायचा तसं त्यांनी कुलूप दोनदा ओढून पाहिलं. नळ सोडून पाहिला. कोरडा. वाकडं झाड मात्र होतं तसं होतं, वाऱ्याने सूं सूं करत.

जावईबापूंनी खिशातून रबरी हातमोजे काढले. सासूबाईंनी नुसतं बघितलं, तसे ते परत खिशात गेले. मग दोघांनी सुयांचा थर बाजूला सारून हातांनीच माती उकरली. खाली ते पांढरे धागे मुळांवर पसरले होते. सासूबाईंनी ओंजळ नाकाशी नेली. डोळे मिटले ते उघडायलाच तयार नाहीत. शेवटची बस चुकेल असं सांगायचं जावईबापूंच्या जिभेवर आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच ते गप्प बसले आणि त्यांनी बुटांवरची मातीही झटकली नाही.

परतीच्या वाटेवर त्यांनी हात पुढे केला. "द्या, मी धरतो डबा."

"नको. पुन्हा धुवाल."

माती पिशव्यांत मिसळली. बरेच दिवस काहीच झालं नाही. जावईबापू दुकानात जाण्याआधी आणि आल्याबरोबर भिंग घेऊन बाल्कनीत. बायको म्हणायची, "गिऱ्हाइकांचे नंबर नीट काढता ना, की तिथेही सुयाच दिसतात?" चार रोपं गेलीच. मग एका सकाळी उरलेल्यांपैकी एकाच्या शेंड्याला हिरवा ठिपका दिसला. पाठोपाठ बाकीच्यांनाही कोंब फुटले.

सासूबाई रोपांना पाणी घालत होत्या. नजर मात्र समोरच्या गच्च्यांपलीकडे, जिथे डोंगर दिसत नाही तिकडे होती. जावईबापू शेजारी येऊन उभे राहिले. मनावरचं ओझं उतरलेल्या माणसाच्या सुरात त्यांनी विचारलं, "काय आई, रुजलं ना आता सगळं इथे?"

"रोपांपुरतं बोला, जावईबापू."