झाडाचं पीठ

मांडा लाटण्याने होत नाही, तो हातावर होतो. सैलसर कणकेत पुरण भरलेला गोळा जरासा थापायचा, मग दोन्ही हातांवर घेऊन या मनगटावरून त्या मनगटावर फिरवत न्यायचा. फिरता फिरता तो कोपरापर्यंत उतरतो, लुगड्याच्या पदराइतका पातळ होतो, आणि तसाच अलगद चुलीवरच्या पालथ्या खापरावर टाकायचा. अमळनेरात हे काम द्रौपदाबाईंसारखं फार थोड्या जणींना जमायचं.

त्या शिकल्या आपल्या आईकडून. सुरुवातीला त्यांचे मांडे वस्तीतल्याच लग्नांत असत. वस्तीबाहेरच्या घरांत स्वयंपाकाला बौद्धवाड्यातली बाई बोलवायची पद्धत नव्हती; तोंडावर कुणी काही म्हणत नसे, फक्त बोलावणं येत नसे. मग सुनंदाबाई पाटलांच्या घरी ऐन हळदीच्या दिवशी ठरलेली बाई आलीच नाही. सुनंदाबाई स्वतः धावत वस्तीत आल्या. त्या दिवशी पंगतीतली म्हातारी माणसंसुद्धा दुसरा मांडा मागून घेत होती. त्यानंतर बोलावणी सुरू झाली, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तर तीन-तीन घरांची. नवरा आधारभाऊ एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. ते चेष्टेत म्हणायचे, "आते तू मन्हापेक्षा मोठी साहेब शे."

पण लग्नं काही बारा महिने नसतात. एरवी द्रौपदाबाई नासीरभाईंच्या मसाल्याच्या कारखान्यात निवडायला जात. धणे, तेजपान, आणि हिवाळ्यात दगडफूल. उत्तरेच्या डोंगरातून पोती यायची. त्या वर्षी माल नव्या व्यापाऱ्याकडून आला. पोतं उघडलं की दगडफुलापेक्षा सालीचे तुकडेच जास्त, देवदाराच्या आणि चिडाच्या झाडांच्या. त्या सालीवर हिरवट पांढरी भुकटी बसलेली असे, जात्याखाली सांडलेल्या पिठासारखी. बोटाने पुसली तर बोटाला लागे, पण साल सोडत नसे. ती विकत कुणी घेत नाही, म्हणून बायका साल मोडून दगडफूल वेगळं करत आणि उरलेलं आपटून टाकत. आपटलं की भुकटी उडायची. त्या हसून म्हणायच्या, "झाडाचं पीठ आलं गं!" पोळ्या करायला बसल्यासारख्या सगळ्या जणी कोपरापर्यंत पांढऱ्या होत.

संक्रांतीच्या सुमारास द्रौपदाबाईंच्या मनगटाला खाज सुटली. त्यांनी खोबरेल लावलं. मग पुरळ आलं, मग पाणी झरू लागलं, आणि कातडी भेगाळून दोन्ही हात कोपरापर्यंत लाल झाले. गल्लीतल्या डॉक्टरांच्या मलमाने चार दिवस बरं वाटे, कारखान्यात गेलं की पुन्हा तेच. बाकीच्या बायकांना काही झालं नव्हतं, त्यामुळे कारखान्याशी त्याचा संबंध कुणाच्या डोक्यात आला नाही.

शेजारणीने विचारलं, "तुना हातले काय व्हयनं वं?" आणि विचारताना ती एक पाऊल मागे सरकली. द्रौपदाबाईंना ते पाऊल दिसलं. तसं मागे सरणं त्यांनी लहानपणी पाहिलं होतं, आईच्या बाबतीत. तेव्हा आईच्या हाताला काहीच झालेलं नव्हतं.

चैत्रात सुनंदाबाईंच्या धाकट्या मुलाचं लग्न निघालं. सुनंदाबाई आमंत्रण घेऊन आल्या, ओट्यावरच बसल्या. पुढे ठेवलेलं पाणी तसंच राहिलं.

"यंदा तुम्ही काही करायचं नाही हं बाई," त्या म्हणाल्या. "पाहुण्यासारखं यायचं, नवी साडी नेसायची आणि बसायचं."

"आणि मांडे?"

"सांगितलेत एकीला. तुमचे हात दुखत असतील ना."

"हात दुखत नाहीत, अक्का. खाजतात."

सुनंदाबाई उठल्या. जाताना पायरीवर त्यांचा हात द्रौपदाबाईंच्या खांद्याकडे आला आणि अर्ध्यातूनच पदर सावरायला वळला. द्रौपदाबाई त्या लग्नाला गेल्या नाहीत. आखाजीला बोलावणं आलं नाही.

मुलगी संघमित्रा चाळीसगावला एका पतसंस्थेत नोकरीला होती. सुट्टी काढून ती आईला धुळ्याला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हात धरून नीट पाहिले; कित्येक महिन्यांत परक्या माणसाने त्यांचा हात असा धरला नव्हता. द्रौपदाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, तर डॉक्टरीणबाईंना वाटलं दुखलं म्हणून. त्यांनी काम काय करता ते विचारलं आणि हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक वस्तूची चिमूट पुड्यांत बांधून आणायला सांगितली. त्या चिमटी पट्ट्यांखाली पाठीला चिकटवल्या. पट्ट्या काढल्या तेव्हा धण्याखाली काही नव्हतं, तेजपानाखाली काही नव्हतं. सालीवरच्या भुकटीखाली मात्र गांधील चावल्यासारखा लालभडक फोड होता.

"हीसुद्धा दगडफुलाच्याच नात्यातली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फक्त हिला पान नाही, नुसती पावडर. दहा जणींना काही करत नाही, अकरावीला सोसत नाही. ते काम सोडा, हात बरे होतील. आणि हे लागट नाही बरं का. तुमच्यापासून कुणालाही होणार नाही."

एसटीत बसल्यावर द्रौपदाबाई हे शेवटचं वाक्य मनात घोकत होत्या. घरी आल्या तशा त्या शेजारणीकडे गेल्या, दुकानदाराला सांगितलं, नळावर सांगितलं. "लागट नही शे. झाडाच्या पिठाने झालं." सगळ्यांनी माना डोलावल्या. एकीनेही त्यांची कळशी उचलून दिली नाही.

नासीरभाईंनी ऐकलं तेव्हा तो माणूस खरोखर ओशाळला. त्यांनी त्या व्यापाऱ्याचा माल बंद केला, बायकांना हातमोजे आणले, द्रौपदाबाईंना पुड्या बांधायच्या कामावर घ्यायची तयारी दाखवली. पण कारखान्याच्या हवेतच ती भुकटी भरलेली. चार दिवसांत हात पुन्हा पेटले. त्यांनी काम सोडलं.

हळूहळू हात बरे झाले. वर्ष उलटलं तेव्हा भेगा मिटल्या होत्या, मागे काळे डाग आणि गुळगुळीत, ताणलेली कातडी राहिली होती. तोवर संघमित्राचं लग्न ठरलं. मुलीच्या हळदीला मांडे आपण करायचे, हे द्रौपदाबाईंनी तिच्या पाळण्यापासून मनाशी धरलेलं. त्यांनी खापर माळ्यावरून काढून धुतलं. तेव्हाच संघमित्रा म्हणाली, "आई, मांडे बाहेर सांगितलेत."

"का वं?"

"तुझी दगदग होईल."

"मन्हा हात बरा व्हई ग्यात, माय."

"मला माहीत आहे गं." मुलगी आईकडे न बघता बोलत होती. "पण त्यांच्याकडची माणसं डाग बघतील. विचारतील. मी किती जणांना समजावत बसू?"

आधारभाऊ आतून ताडकन उठून आले. "अरे, धुळ्याला तूच लई गयथी ना तिले? तुले तरी माहीत शे ना?"

"राहू द्या," द्रौपदाबाई म्हणाल्या. "बरं केलंस, बाई. मी तरी कुठे सगळीकडे पुरी पडणार."

हळदीच्या पंगतीत त्या लांब बाह्यांचं पोलकं घालून बसल्या. मांडे बरे झाले होते, कडेला जरा जाड. द्रौपदाबाईंनी एक मांडा पूर्ण खाल्ला आणि करणाऱ्या बाईला, छान झालेत, म्हणून सांगितलं.

पुढच्या आखाजीला लेक-जावई आले. संघमित्राच म्हणाली, "आई, आज तू कर." आधारभाऊंनी अंगणात चूल मांडली. कणीक जमली, पुरण जमलं. पहिला गोळा हातावर घेतला, फिरवला, आणि मनगटाशी येताच मांडा फाटला. दुसरा कोपराजवळ गेला आणि फाटला. त्या ताणलेल्या कातडीवरून कणीक सरकतच नव्हती, मध्येच धरून राहायची. शिवाय दोन वर्षं ते हात पदराखाली राहिले होते. पसरून, निर्धास्तपणे समोर धरायची त्यांची सवयच गेली होती. चौथा फाटल्यावर त्यांनी पोळपाट मागवला आणि लाटून पुरणपोळ्या केल्या.

संघमित्रा जेवताना रडली. "माझ्यावर रागावलीस का आई?"

"नही वं माय," द्रौपदाबाई म्हणाल्या आणि तिच्या पोळीवर तूप वाढलं.

त्या पावसाळ्यात सुनंदाबाई पुन्हा आल्या. नातवाचं बारसं होतं. या वेळी त्या आत येऊन बसल्या, पाणी प्यायल्या, त्यांनी द्रौपदाबाईंचे दोन्ही हात हातात घेतले. "चुकलंच माझं. दुसऱ्या कुणाच्या हाताला ती चव नाही. मांडे तुम्हीच करायचे."

द्रौपदाबाईंनी हात सोडवून घेतले. "आते नही, अक्का. आता मी कुणाकडे करत नाही."

सुनंदाबाईंचा चेहरा उतरला. त्यांना तो राग वाटला, आणि हक्काचा राग वाटला. त्या मान खाली घालून गेल्या. गावातही तसंच पसरलं, की द्रौपदाबाई मानी आहेत, एकदा डावललं तर पुन्हा उंबरा चढत नाहीत.

आधारभाऊ म्हणाले, "खरं काय ते सांगी दे ना."

द्रौपदाबाईंनी सुनंदाबाईंचा पेला उचलला आणि विसळायला नेला.