घरात कोणी नव्हतं

ती घटना अजून आठवते, आणि आठवली की अजून राग येतो.

देश स्वतंत्र होऊन काही वर्षं झाली होती. मी चौथी पास. पनवेलच्या ठाण्यात बाई शिपाई मी एकटीच. बाईमाणसाची झडती असली की मला न्यायचे, एरवी मी दाराशी स्टुलावर बसलेली असे. त्या दुपारी उरणच्या वाटेवरच्या एका गावाचा पोलीस पाटील सायकल हाणत आला आणि त्याने वर्दी दिली. लग्नघरातून नवरीची सोन्याच्या पुतळ्यांची माळ गेली होती. उद्या लग्न. संशय धवलारणीवर.

आगरी लोकांत लग्न लावताना धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, म्हणणारी बाई ती धवलारीण. तिच्यावाचून लग्नाचं पान हलत नाही. ही साठीची होती आणि आजूबाजूच्या गावांत तिने निम्मी लग्नं लावलेली.

जमादारांबरोबर मी गेले. वैशाखाचं ऊन, मिठागरांच्या बांधावरून चालत जाईपर्यंत डोळे चुरचुरायला लागले. मांडवात सनई बंद होती. नवरीच्या बापाने हकीकत सांगितली. त्यांच्या घरात दागिना अंगावर घालण्याआधी त्याला ओली हळद लावून देवापुढे ठेवत. तशी माळ ठेवली. मग बायका वाजतगाजत विहिरीवर पाणी आणायला गेल्या, पुरुष मांडवात होते. बायका परतल्या तर ताट रिकामं.

"आत कोण होतं?" जमादारांनी विचारलं.

"घरात कोणी नव्हतं. ही म्हातारी तेवढी देवापाशी."

बाकीच्यांनीही तेच सांगितलं. मी धवलारणीची झडती घेतली. पानाची चंची निघाली, दुसरं काही नाही. जमादारांनी तिला ओटीवर बसवून दरडावायला सुरुवात केली. माळ कोणाकडे दिलीस, साथीला कोण आहे, तुरुंग पाहिलायस का. म्हातारी पान चघळत राहिली. मग म्हणाली, "आवाज चांगला हाय तुमचा, जमादार. उद्या माज्या बाजूला बसा, धवले बोलाया."

मांडवात कोणीतरी हसलं. जमादार तांबडेलाल झाले. सूर्य मावळायच्या आत माळ मिळाली नाही तर हिला पनवेलला नेऊन कोठडीत घालणार, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. ती नुसती धमकी नव्हती, त्यांनी पंचांना बोलावणं पाठवलं. कोठडीत गेलेल्या धवलारणीला पुन्हा कोण लग्नाला बोलावणार? तिच्या हाताला दुसरं काम नव्हतं.

मी तिच्याजवळ बसले. म्हटलं, आजी, घेतली नसशील तर कोणी घेतली ते सांग.

"मी नाय घेतली. कोनी घेतली ते मी नाय सांगायची. आमी देवाच्या बाजूला बसतो. तिथं दिसलेलं भायेर नाय न्यायचं."

म्हणजे तिने पाहिलं होतं. जमादारांनी ते ऐकलं आणि साथीदार आहे याची त्यांना खात्रीच पटली.

मला तहान लागली होती. मघाशी कोणीतरी पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला होता, तो तसाच होता. तो तोंडाला लावला तेव्हा डोक्यात आलं, विहिरीवर गेलेल्या बायका सगळ्या मांडवात बसल्यात, घरात दुसरं कोणी नव्हतं, तर हे पाणी आतून कोणी आणलं? एक बाई आतून आली होती, कपाळ मोकळं, मान खाली. पोलीस पाटलाला विचारलं तर म्हणाला, नवरीची आत्या. कोवळ्या वयात विधवा होऊन भावाकडे राहिलेली. हळदीच्या दिवशी तिने मागच्या पडवीतच थांबायचं. घरातल्या माणसांत तिला कोणी धरलंच नव्हतं.

मी पडवीत गेले. एवढ्या उकाड्यात तिने पदर मानेभोवती आवळला होता. मी दार लोटलं आणि पदर काढायला सांगितलं. ती जागची हलेना. मीच काढला. पुढचा गळा घासून धुतलेला, पण मानेवर मागे, जिथे स्वतःचं स्वतःला दिसत नाही, तिथे पिवळी रेघ होती. विधवेला त्या घरात कोण हळद लावणार होतं?

"कुठे आहे?"

तिने तांदळाच्या कणगीकडे बोट केलं. मी कोपरापर्यंत हात घातला. माळ लागली.

"आरशात बघायची व्हती," ती म्हणाली. "वाजंत्री आली तशी भ्याले नि टाकली. आता दादा मला घरान नाय ठेवायचा."

बाहेर जमादार मला हाका मारत होते. मी माळ पुसली आणि ओटीवर जाऊन त्यांच्यापुढे ठेवली. म्हटलं, तांदळात मिळाली.

"टाकली कोणी?"

"तक्रार माळेची आहे, साहेब. माळ घरातच मिळाली. चोरी कुठे झाली?"

त्यांनी तेवढंच लिहून घेतलं. मी खोटं बोलले नाही. सगळं बोललेही नाही.

म्हातारी सुटली, पण चोरीचा आळ सुटला नाही. म्हातारीनेच घाबरून टाकली असणार, असं बायका तिच्या तोंडावर म्हणाल्या, आणि लग्नाला दुसऱ्या गावची धवलारीण आणायचं ठरवलं. परतताना वाटेत मी म्हातारीला विचारलं, परत जाऊन खरं सांगू का? ती म्हणाली, "तुला नोकरी हाय, मला झोपडी हाय. तिला काय हाय?"

पुढे नोकरीत पुष्कळ चोर पाहिले. माळ कोणी घेतली हे शोधणं सोपं होतं. कोणाचं किती नुकसान होऊ द्यायचं, हे ठरवायला कोणी शिकवलं नव्हतं, कायद्याच्या पुस्तकातही ते मला दिसलं नाही. त्या म्हातारीचं मला आजही पटत नाही. निरपराध माणसाने गप्प राहून बोल घ्यावा, हे मी माझ्या मुलीला शिकवलं नाही. मला राग येतो तो तिचा नाही आणि त्या आत्याचाही नाही. घरात कोणी नव्हतं, असं बिनदिक्कत सांगणाऱ्यांचा येतो.

माझ्या मुलीचं लग्न झालं तेव्हा मी त्या म्हातारीला बोलावून घेतलं. आमच्यात धवले म्हणत नाहीत. तिला मी दागिन्यांच्या कपाटाची किल्ली दिली आणि आत बसवलं.

किल्ली कनवटीला लावत ती म्हणाली, "कायी गेलं तर झडती तूच घेशील ना?"

"मीच घेईन," मी म्हटलं.