रक्तातलं मीठ उतरलं तेव्हा

परासरणाचा धडा मी निवृत्त होईपर्यंत शिकवला. बेदाणे पाण्यात टाकले की टम्म फुगतात, मिठाच्या दाट पाण्यात टाकले की पुन्हा सुरकुततात. पेशीच्या पटलातून पाणी मीठ जास्त असेल तिकडे जातं, एवढं पोरांच्या डोक्यात शिरावं म्हणून वर्षानुवर्षं घसा कोरडा केला. माझ्या स्वतःच्या डोक्यात ते कितपत शिरलं होतं, ते नंतर दिसलं.

निवृत्तीनंतर रक्तदाब निघाला. डॉक्टरांनी लघवी जास्त होण्याची गोळी दिली आणि मीठ जरा कमी करा म्हणाले. ‘जरा’ हा शब्द माझ्या स्वभावात बसत नाही. मी मीठ बंदच केलं, वर शरीर धुऊन निघावं म्हणून तांबेच्या तांबे पाणी ढोसायला लागलो. बायको म्हणाली, “अहो, डॉक्टरांना एकदा विचारा तरी.” मी म्हणालो, “पेशी मला शिकवू नकोस.”

त्याच सुमारास मुलीचं लग्न ठरलं, म्हणजे तिनेच ठरवलं. मुलगा चांगला शिकलेला. त्याचे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामगार, राहणं तिथल्याच क्वार्टरमध्ये. मी हसून होकार दिला, कसब्यातल्या आमच्या इमारतीत घरोघरी पेढेही वाटले. मनात मात्र एक वाक्य येऊन बसलं होतं. ते मी बायकोलाही ऐकवलं नाही, कारण आपण तसल्या विचारांचे नाही असं माझं स्वतःबद्दल मत होतं.

लग्नाआधी मुलाला आणि त्याच्या आईवडलांना आमच्याकडे केळवणाला बोलावलं. आठवडाभर माझं डोकं जड होतं, चालताना तोल जात होता. लग्नाची दगदग, दुसरं काय, म्हणून मी सोडून दिलं. पाहुणे पानांवर बसले. बायकोने रिवाजाप्रमाणे आधी मीठ वाढलं. ते पांढरे ढीग बघून माझं डोकं फिरलं. मी वाकलो आणि व्याह्यांच्या पानातलं मीठ बोटांनी निपटून काढायला लागलो.

ते हसले. “राहू द्या हो सर, आम्हाला थोडं लागतं.”

तेव्हा मी बोललो. वर्गात बोलावं तसं, खणखणीत. “क्वार्टरमध्ये वाढलेली माणसं. यांना पंगतीचं वळण कुठून असणार?”

त्यानंतरचं सगळं पुसलं गेलंय. हे वाक्य तेवढं राहिलंय, आणि विहीणबाईंचा पानाजवळून मागे गेलेला हात. मी तिथेच कोसळलो म्हणे. आमच्या बोळात रिक्षाही शिरत नाही, म्हणून व्याही आणि त्यांचा मुलगा अन्नाला हात न लावता उठले आणि मला खुर्चीत घालून रस्त्यापर्यंत उचलून घेऊन गेले. विहीणबाईंनी माझा चष्मा पदराने पुसून जपून ठेवला होता.

रक्तातलं सोडियम घसरलं होतं. गोळी ते बाहेर टाकत होती, मी वरून पाणी ओतत होतो. रक्त पातळ झालं आणि पाणी मेंदूच्या पेशींत शिरून त्या सुजल्या. मी शुद्धीवर आल्यावर तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “काका, आपण काय करायचात?”

“शिक्षक होतो.”

“विषय?”

“जीवशास्त्र.”

“अस्सं,” म्हणाल्या आणि सलाइनचा वेग बघायला वळल्या. कानशिलं तापली माझी. पण ती लाज किरकोळ होती.

दुसऱ्या दिवशी व्याही भेटायला आले. म्हणाले, “सर, मनाला लावून घेऊ नका. सोडियम कमी झालं की माणूस काहीही बोलतो. आमच्या क्वार्टरमधल्या एकांचं असंच झालं होतं.” तो शब्द ते किती सहज उच्चारून गेले! त्यांचे पाय धरावेत असं वाटलं मला. प्रत्यक्षात मी म्हणालो, “हो ना, काही शुद्धच नव्हती बघा.” आणि त्यांनी मान डोलावली. त्यांनी ते खरं मानलं की मला सोडून दिलं, हे मला आजही सांगता येणार नाही.

ते गेल्यावर मुलगी खाटेजवळ बसली. बराच वेळ चादरीची सुरकुती सरळ करत राहिली.

“बाबा, पेशींत पाणी शिरलं, हे मला समजलं. ते वाक्य आधीपासूनच आत होतं ना?”

शाळेत कुठल्याही पोराने हा प्रश्न विचारला असता तर मी त्याची पाठ थोपटली असती. मी डोळे मिटून घेतले. ती थांबली. मग नर्स आल्याचा आवाज आला, तेव्हा तिला हळूच म्हणाली, “झोपलेत ते.” मी झोपलेलो नाही, हे तिला चांगलं माहीत होतं.