मरळीचा हिस्सा

बस वरोऱ्याहून पहाटेच निघाली. आमच्या महाविद्यालयाची एका दिवसाची निसर्ग सहल होती, अहेरीच्या नदीपर्यंत जाऊन परत. बल्लारपूर मागे पडलं तसं जंगल दोन्ही बाजूंनी रस्त्याजवळ आलं. पळसाला पान उरलं नव्हतं, नुसती फुलं. सागाची वाळकी पानं बसच्या वाऱ्याने आमच्यामागे घरंगळत यायची. सगळे ‘वा, वा’ करत होते. मला ते ओळखीचं होतं, म्हणून की काय, मी फारसं बघत नव्हते. मी पुढच्या सीटवर माईक घेऊन बसलेल्या मुलीच्या मानेकडे बघत होते.

वसतिगृहात ती आणि मी एकाच खोलीत राहतो. दिवाळीनंतर आईने मला वाळवलेले झिंगे बांधून दिले होते. ते धरायला आई कितीतरी सकाळी गुडघाभर पाण्यात वाकली होती. एक दिवस मी आंघोळीहून आले तर खिडकी उघडी आणि पुडकं खाली गटारात.

“मले उलटी येऊन राह्यली होती व,” ती म्हणाली. “तू कशी झोपतं या वासात?”

मी ओले केस पुसत राहिले. घरातून कॉलेजला आलेली मी पहिलीच. भांडले तर खोली जाईल, अशी भीती होती. पण तेव्हापासून मी वाट बघत होते. कशाची, ते मलाही नीट माहीत नव्हतं. सहल आमच्या गावच्या तलावावर थांबणार आहे असं कळलं, तेव्हा ते माहीत झालं.

आम्हा मासे धरणाऱ्या ढिवरांत एक रीत आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी पाणी उतरलं की गाव मिळून मोठं जाळं ओढतं, आणि दोरीला ज्याचा हात लागला त्याला हिस्सा मिळतो. वाटसरू असला तरी. हिस्सा उघड्या ओंजळीत घ्यायचा. नाकारला तर पुढच्या ओढीला जाळं रिकामं येतं, असं आमचे लोक मानतात.

बस थांबली तेव्हा जाळं काठाकडे येत होतं. बाबा कमरेएवढ्या पाण्यात होते. सगळे फोटो काढायला धावले. मी तिच्याजवळ गेले. कित्येक दिवसांत मी आपणहून तिच्याशी बोलले नव्हते.

“दोरी धर न,” मी म्हटलं. “फोटो भारी येईन.”

तिने ओढणी सावरली, दोन बोटांनी दोरी धरली, हसली, सोडली. बाबांनी ते पाहिलं होतं.

काठावर वाटे पडू लागले. मला वाटलं होतं, तिला मूठभर बारीक मासोळ्या मिळतील.

“हे तुह्या खोलीतली पोरगी हाय न?” बाबांनी मला विचारलं. “मंग तिले मोठी देऊ.” त्यांनी सगळ्यांत मोठी मरळ उचलून तिच्यापुढे धरली. “घे बाई. हात लावला तू, हा तुहा हिस्सा.”

“नाई काका, मले नको...” तिने नाक मुरडलं.

एक म्हातारी म्हणाली, “घे व माय! आमचं जाळं रिकामं करतं का?” सरांनीही डोळ्यांनी खुणावलं. तिने ओंजळ केली. मरळ जिवंत होती. तिने शेपटी मारली आणि बुळबुळीत चिकटा ओढणीवर, कोपरापर्यंत गेला.

निघताना बाबांनी माझ्या हातात चिंचेचा गोळा दिला. “तिच्या हाताले चोळून दे. साबणानं नाई जात मरळीचा वास.”

बसमध्ये चढले तेव्हा मी तो तिला देणार होते. बाबांनी दिला होता म्हणून. मरळ ड्रायव्हरभाऊंनी खूश होऊन आपल्या जुन्या गमछ्यात गुंडाळून ठेवून घेतली. तिने बाटलीभर पाण्याने हात धुतले आणि माईक उचलला.

“दोस्तहो, हे लोक रोज असेच राह्यतात! विचार करा, यायच्या घरात काय वास असन!”

बस हसली. मी चिंच मुठीत दाबली.

अहेरीच्या नदीवर तिने वाळूने हात घासले. परतीला ऊन बसमध्ये शिरलं आणि वास वाढला. शेजारची मुलगी उठून मागे गेली. एकाने माईक रुमालाने पुसून घेतला. “मासोळीबाई, तुमी मागं बसा न!” पुन्हा बस हसली. मागे कोणी जागा देईना, तेव्हा ती माझ्या शेजारी, खिडकीच्या जागेवर येऊन बसली.

“तुमी काय लावता व हाताले?” तिने हळूच विचारलं. “कसा जाते हा?”

“खिडकी उघड,” मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला आमच्या खोलीतली खिडकी आठवली, चेहऱ्यावरून कळलं. मग तिने खिडकी उघडली आणि दोन्ही हात बाहेर धरले.

मी चिंचेचा तुकडा तोंडात टाकला. बाहेर साग मागे पळत होते, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मला ते बघावेसे वाटले. वरोरा येईपर्यंत मी चिंच चोखत राहिले, आणि एकेक चिंचोका तिच्या हातांवरून बाहेर थुंकत राहिले.